वजनदार लेकरू आणि उतरणारी साखर: पहिल्या काही दिवसांत काय पाहायचं, काय करायचं

सव्वाचार किलोचं लेकरू जन्मलं की बातमी सगळ्या वॉर्डात फिरते. आमच्याकडं पावणेतीन किलोचं बाळ चांगलं समजतात, अडीचच्या खालची तर रोजच येतात. त्यात असं गुबगुबीत लेकरू आलं की आज्जी आधी तीट लावते आणि मग पेढ्याला माणूस धाडते.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, परिचारिका आहे. असंच एक लेकरू मी दुपारच्या पाळीला बाळंतिणीच्या वॉर्डात पाहिलं. जन्मून सहा तास झाले होते. आज्जी म्हणाली, "लई गुणाचं हाय सिस्टर, रडत बी नाही. निजूनच हाय." जीभ दोन्ही ओठांच्या मधून बाहेर आलेली होती आणि झोपेत उजवा पाय बारीक थरथरत होता. पाय हातात धरला तर थरथर थांबली, सोडला की पुन्हा सुरू. टाचेतून थेंब घेतला. ग्लुकोमीटरवर २६ आले (इथले साखरेचे सगळे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत).

त्या लेकराची साखर सकाळपासून कोणी मोजलीच नव्हती, कारण ते मोठं होतं. बारकं बाळ आलं की साखर तपासायची हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. थोराड बाळाकडं पाहून मात्र सगळे निर्धास्त होतात. म्हणून हा लेख आईवडिलांसाठी, आज्ज्यांसाठी, आशाताईंसाठी आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला एकट्या असणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी लिहिते आहे.

मोठ्या लेकराची साखर का उतरते

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आईचा मधुमेह. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडं जाते, ती जिरवायला बाळ स्वतःचं इन्शुलिन वाढवतं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात बंद होते, पण वाढलेलं इन्शुलिन तसंच राहतं. हा प्रकार बहुधा दोन-तीन दिवसांत निवळतो. कित्येक जणींची साखर गरोदरपणात तपासलेलीच नसते, तेव्हा "आईला शुगर नाही" हे ऐकलं तरी तपासणीचा कागद बघून घ्यावा.

दुसरं कारण कमी आढळतं, पण चुकवून चालत नाही. काही बाळांच्या शरीरात वाढीचा लगामच सैल असतो. त्यातला सगळ्यात ठाऊक आजार म्हणजे बेकविथ-वीडेमान सिंड्रोम. अमेरिकेत बेकविथ यांनी १९६३ मध्ये आणि जर्मनीत वीडेमान यांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. साधारण दहा हजार जन्मांमागे एक असं त्याचं प्रमाण मानतात, आणि अशा बाळांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या बाळांची साखर जन्मानंतर उतरते. सोटोस सिंड्रोम आणि सिम्पसन-गोलाबी-बेमेल सिंड्रोम हेही याच गोतावळ्यातले. त्यांतही काही बाळांना हा त्रास होतो.

इथं वडील मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "सिस्टर, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त झालाय का?" नाही. आईच्या पोटात बाळाला वाढवतात ते इन्शुलिन आणि त्याचे दोन भाऊबंद, आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारा ग्रोथ हार्मोन पोटातल्या वाढीत फारसा भाग घेत नाही. तो जन्मतः नसलेली बाळंही जवळपास नेहमीच्याच वजनाची जन्मतात. शिवाय ग्रोथ हार्मोन साखर धरून ठेवणारा आहे, तो कमी पडला तर साखर उतरते. त्यामुळं नेहमीच्या वजनाच्या बाळाची साखर वारंवार उतरत असेल, मुलग्याचं लिंग फार लहान असेल, कावीळ लांबत असेल, तर ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल (साखर धरून ठेवणारा दुसरा हार्मोन) कमी आहेत का ते बघावं लागतं. तो वेगळा आजार, त्याचे उपचारही वेगळे. दोन्हींची गल्लत झाली की उपचार चुकतात.

बेकविथ-वीडेमानमध्ये बिघाड असतो अकराव्या गुणसूत्राच्या एका टोकाला. तिथं आयजीएफ-२ चा जनुक बापाकडून आलेल्या प्रतीत चालू असतो, आईकडून आलेल्या प्रतीत बंद. वाढ रोखणारा एक जनुक नेमका उलटा, आईच्या प्रतीतून चालतो. हे चालू-बंदचं गणित विस्कटलं की जीभ, यकृत, मूत्रपिंडं, कधी अंगाची एकच बाजू जास्त वाढते, आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीही वाढतात. बहुतेक बाळांमध्ये हे गर्भ रुजतानाच आपोआप घडतं. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सून ऐकून घेत असते आणि दूध आटतं.

आता धोका नेमका काय? साखर कमी पडली तर शरीराकडं एरवी दोन आधार असतात. यकृताच्या कणगीत साठवलेली साखर निघते, आणि चरबी जळून कीटोन तयार होतात, ज्यांवर मेंदू काही काळ चालतो. चुलीत लाकूड संपलं तर गोवऱ्या असतात, तसं. इन्शुलिन जास्त असलं की ते रक्तातली साखर स्नायूंत ढकलतं, कणगीला कुलूप लावतं आणि चरबी जळूही देत नाही. लाकूड गेलं आणि गोवऱ्याही मिळेनात. अंगावर एवढी चरबी असलेलं लेकरू आतून उपाशी असतं आणि मेंदूला काहीच पोहोचत नाही. म्हणून इन्शुलिनमुळं उतरलेली साखर जास्त घातक, आणि तिच्यासाठी उपचाराची रेषाही वर धरतात.

कोणत्या लेकराची साखर मोजायचीच

जन्मवजन ४ किलो किंवा जास्त असेल तर मोजायचीच. पण फक्त किलो बघू नका, दिवस बघा. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं तीन किलोचं बाळ आपल्या नजरेला "बरं" दिसतं, पण त्या दिवसांच्या मानानं ते बरंच मोठं असतं. बेकविथ-वीडेमानची बाळं पुष्कळदा दिवस भरण्याआधीच येतात.

मग अंगावरून नजर फिरवा. तोंडात न मावणारी जीभ. कानाच्या पाळीवर आडवी चीर किंवा कानामागं बारीक खळगे. कपाळावर, पापण्यांवर लालसर डाग. पोट फुगलेलं, बेंबीला मोठा हर्निया, किंवा बेंबीतून आतडं पिशवीसारखं बाहेर आलेलं. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड. दोन्ही पाय सरळ धरून मांड्यांच्या घड्या बघितल्या की कळतं. गरोदरपणाच्या सोनोग्राफीत पाणी जास्त होतं का, वार मोठी होती का, तेही विचारा. यांतल्या दोन गोष्टी जरी जुळल्या तरी बालरोगतज्ज्ञांना सांगा. मोठी जीभ किंवा बेंबीतून आलेलं आतडं असेल तर एकच पुरे.

प्रसूतिगृहातल्या मैत्रिणींना एक विनंती: नाळ बुडाशी जाड दिसली तर चिमटा बुडाला लावू नका, वर लावा. त्या जाड भागात आतड्याचा वेढा असू शकतो.

थेंब घेताना

मोजणी सोपी वाटते, पण चुकीचा आकडा इथंच जन्म घेतो.

बाळाचा पाय आधी कोमट कपड्यानं किंवा तळहातानं ऊबदार करा. टोचायचं टाचेच्या कडेला, मधोमध नाही, तिथं हाड जवळ असतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असेल तर आकडा बिघडतो. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसा, दुसरा घ्या. पाय पिळू नका. आपल्या हाताला ग्लुकोजचं पाणी लागलेलं असेल तर हात धुवा. मी एकदा अशानं खोटा ९० वाचलाय आणि पुन्हा मोजल्यावर ३८ निघाले.

पट्ट्यांची डबी हा आपल्या भागातला खास मुद्दा. या पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायच्या असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर जातो आणि डबी खिडकीतल्या टेबलावर झाकण अर्धवट लावून पडलेली असते. डबी गार, कोरड्या कपाटात ठेवा, झाकण लगेच लावा, उघडल्याची तारीख डबीवर लिहा.

पहिलं दूध जन्मानंतर तासाभरात पाजायचं. त्यानंतर, साधारण दोन तासांच्या आत, पहिली मोजणी. पुढं प्रत्येक वेळी दूध पाजण्याआधी मोजायचं, पाजल्यावर नाही. मधुमेही आईच्या धडधाकट बाळाला एक दिवस सलग चांगले आकडे आले की बहुधा पुरतं. वर सांगितलेल्या खुणा असलेल्या बाळाला मात्र निदान दोन-तीन दिवस मोजत राहावं लागतं. पहिल्या दिवशी ठीक आणि दुसऱ्या रात्री ढासळलं, असं घडतं.

आकडा कमी आला तर

आपल्याकडं ४५ च्या खाली उपचार सुरू करायचे, ही सरळ रेषा धरा. अठ्ठेचाळीस तासांनंतर, अतिवाढीच्या आजाराचा संशय असलेल्या बाळाला ६० च्या वर ठेवायचं. इन्शुलिन जास्त असल्याचं नक्की झालं तर ७० च्या वर.

बाळ जागं आहे, चोखतंय, आकडा थोडाच खाली आहे, तर लगेच अंगावर पाजा किंवा काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्या आणि अर्ध्या ते एका तासात पुन्हा मोजा. ग्लुकोज जेल असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार गालाच्या आतून चोळतात. मध, गुळाचं पाणी, घुटी चाटवू नका. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकते, आणि बोटभर गोडानं या बाळाची साखर टिकतही नाही. पहिला चीक पिळून टाकायचा असं म्हणणारी एखादी आत्या अजून भेटते. तिला हात जोडून सांगा की तो चीकच पाजायचा आहे.

बाळ सुस्त आहे, थरथरतंय, उंच आवाजात किरकिरतंय, अंग गार पडलंय, निळसर पडतंय, डोळे एका जागी थिजलेत किंवा झटका आलाय, तर तोंडानं काही देऊ नका. शीर मिळवून दहा टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) किलोमागे २ मिली हळू द्यायचं आणि लगेच सलाइन चालू करायचं. म्हणजे ४.२ किलोच्या बाळाला साडेआठ मिलीच्या आत. नुसता डोस देऊन सलाइन न लावणं ही मोठी चूक: वाढलेल्या साखरेला उत्तर म्हणून आणखी इन्शुलिन सुटतं आणि अर्ध्या तासात आकडा पहिल्यापेक्षा खाली जातो. थरथर आणि झटका यांतला फरक मी पायाच्या गोष्टीत सांगितलाच. धरल्यावर थांबते ती थरथर, धरूनही हाताला ठोके लागत राहतात तो झटका.

सलाइन किती वेगानं जातंय हे मिलीत सांगून भागत नाही. मिनिटाला किलोमागे किती मिलीग्रॅम ग्लुकोज जातंय ते काढा: सलाइनमधला ग्लुकोजचा टक्का गुणिले ताशी मिली, भागिले वजनाची सहापट. ४.२ किलोच्या बाळाला दहा टक्क्यांचं सलाइन ताशी १५ मिली चालू असेल तर १५० भागिले २५.२, म्हणजे साधारण ६. एवढं बहुतेक बाळांना पुरतं. साखर टिकवायला ८ च्या वर लागत असेल तर इन्शुलिन जास्त आहे असं समजा आणि त्याच घटकेला मोठ्या ठिकाणी फोन लावा. साडेबारा टक्क्यांहून दाट ग्लुकोज हाताच्या शिरेतून देऊ नका, शीर आणि कातडी जळते. त्याला बेंबीतली किंवा मोठ्या शिरेतली नळी लागते.

साखर खाली असतानाचं रक्त

मला सगळ्यात तळमळीनं सांगायचं आहे ते हे. आजाराचं कारण पकडायचं रक्त साखर खाली असतानाच घ्यावं लागतं. साखर चढल्यावर इन्शुलिन जास्त दिसणारच, त्यावरून काही ठरत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं उतरणं पुष्कळ बाळांत होतं. पण त्यानंतर, किंवा ग्लुकोज चालू असतानाही, आकडा ५० च्या खाली गेला तर शीर मिळवताना त्याच सुईतून आधी रक्त घ्यायचं आणि मग डेक्स्ट्रोज द्यायचं. बाळाला झटका चालू असेल तर मात्र रक्तासाठी थांबायचं नाही, उपचार आधी.

त्या रक्तात प्रयोगशाळेतली साखर, इन्शुलिन, सी-पेप्टाइड (इन्शुलिनबरोबरच सुटणारा तुकडा), कीटोन, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन बघतात. साखर कमी असताना इन्शुलिन शून्याच्या जवळ असायला हवं. ते सापडलं आणि कीटोन वाढलेले नसले तर चोर सापडला. साखरेचं रक्त करड्या झाकणाच्या, फ्लोराइडच्या नळीत भरा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, आणि तालुक्याहून जिल्ह्याला नमुना उन्हातून तीन तासांनी पोहोचला तर आलेला आकडा कशाचाच नसतो. नळ्या आणि चिठ्ठी आधीच एका पाकिटात तयार ठेवा. आमच्या कक्षात असं पाकीट ट्रॉलीच्या वरच्या खणात असतं, कारण रात्री तीनला शोधाशोध होत नाही.

दुसरीकडं हलवायचं असेल तर

सलाइन चालू असताना हलवा, काढून नाही. निघण्याआधी साखर मोजा, वाटेत तासाला मोजा. बाळ स्थिर असेल तर आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी बांधून न्या. गार पडलेलं बाळ साखर लवकर संपवतं. जीभ मोठी असेल तर उताणं झोपवू नका, जीभ मागं पडून श्वास अडतो. कुशीवर किंवा नजरेखाली पालथं ठेवा. बेंबीतून आतडं बाहेर असेल तर स्वच्छ ओल्या कापडावर निर्जंतुक प्लास्टिक गुंडाळा, हळद किंवा राख नको.

गाडीसाठी १०८ किंवा १०२. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्याआणण्याची गाडी वर्षभरापर्यंत मोफत आहेत. पैसे नाहीत म्हणून निघायला उशीर करू नका. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाई इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून खाट विचारा आणि "मोठं बाळ, साखर टिकेना, ग्लुकोज मिनिटाला इतकं लागतंय" एवढं वाक्य सांगा. पलीकडचा डॉक्टर त्या एका वाक्यात सावध होतो.

औषधं

बेकविथ-वीडेमानच्या बहुतेक बाळांची साखर काही दिवसांत सावरते. ज्यांची सावरत नाही त्यांना डायझॉक्साइड देतात, दिवसाला किलोमागे ५ ते १५ मिलीग्रॅम, विभागून. ते इन्शुलिनचं सुटणं रोखतं. त्यानं अंगात पाणी साठतं, म्हणून बरोबर लघवीचं औषध देतात आणि हृदयाची इको करतात. बाळ धापा टाकू लागलं, अंग सुजलं किंवा वजन एकाएकी चढलं तर औषधाचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना गाठा. कपाळावर, पाठीवर दाट लव येते. ती औषध थांबल्यावर जाते, घाबरू नका. औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा पंधरा दिवसांचं हाताशी ठेवूनच पुढची चिठ्ठी घ्या. त्यानं भागलं नाही तर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं असतात. स्वादुपिंडाचा भाग काढायची वेळ क्वचित येते.

सलाइन उतरवताना घाई नको. वेग थोडा थोडा कमी करत, दूध वाढवत, दर पायरीला मोजत जायचं. घरी सोडण्याआधी डॉक्टर बाळाला देखरेखीखाली सहा ते आठ तास उपाशी ठेवून साखर टिकते का पाहतात. बाळ रडतं, आईचा जीव कासावीस होतो, पण ही तपासणी टाळून घरी जाऊ नका. घरी रात्री एखादं दूध चुकलं तर काय होईल, याचं उत्तर तिथंच मिळतं.

घरी आल्यावर

ग्लुकोमीटर घरी हवाच. दूध दर दोन ते तीन तासांनी, रात्री गजर लावून. मोठ्या जिभेमुळं बाळाला स्तन नीट धरता येत नाही, दूध कडेनं सांडतं. बाळाला बऱ्यापैकी उभं धरून पाजा. जमलं नाही तर काढून पळीनं किंवा वाटी-चमच्यानं पाजा आणि किती मिली गेलं ते लिहा. साखर ७० च्या खाली आली तर लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चढली नाही, किंवा ५० च्या खाली आली, तर निघा. उलट्या, जुलाब, ताप, दूध नाकारणं, या दिवसांत साखर जास्त वेळा मोजायची.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना आकड्यांची वही दाखवा. ताई, "बाळ झोपाळू आहे" असं ऐकलं तर बाळाला उठवून, कपडे काढून, चोखताना बघितल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. बाळंतीण माहेरी असेल तर वही आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो सासरच्या फोनवरही असू द्या. सव्वा महिन्यानं गाव बदलतं, दवाखाना बदलतो, आणि कागद पेटीत राहतो.

निदान नक्की करायला रक्ताची जनुकीय तपासणी, मिथिलेशनची (जनुकांवरच्या चालू-बंदच्या खुणांची), करतात. काही बाळांत बिघाड सगळ्या पेशींत नसतो, म्हणून रक्तात काही निघालं नाही तरी खुणा स्पष्ट असतील तर गालाच्या आतल्या किंवा कातडीच्या पेशी तपासतात. हा रिपोर्ट जपून ठेवा, कारण कोणता बिघाड आहे त्यावर पुढची देखरेख ठरते.

ती देखरेख साखरेची नसते, पोटाची असते. या मुलांपैकी शंभरात साधारण आठ जणांना लहानपणी मूत्रपिंडाची किंवा यकृताची गाठ होऊ शकते. म्हणून बहुतेकांना सात वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी सांगतात. गाठ लवकर सापडली तर उपचार चांगले लागू पडतात. आमच्या त्या लेकराच्या वडिलांनी साखरेची वही संपल्यावर तिच्याच मागच्या पानांवर सात वर्षांच्या अठ्ठावीस तारखा आखून घेतल्या, आणि त्यांतल्या अकरांवर आतापर्यंत खूण झाली आहे.